पानापेक्षा जुनी शाई

पानाचे वय अठराशे वर्षे निघाले आणि त्याच पानावरच्या शाईचे पाच हजार. ज्या ग्रीक लिपीत ते पान लिहिले होते, ती लिपी पाच हजार वर्षांपूर्वी जन्माला आलेली नव्हती. ज्या ख्रिस्ताचे नाव त्यात वारंवार येते, त्याच्या जन्माला तेव्हा तीन हजार वर्षे अवकाश होता. दोन्ही चाचण्या एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर झाल्या. प्रयोगशाळेने त्या पुन्हा करून पाहिल्या. आकडे तेच आले.

ही बातमी मला भावोजींनी स्वतः फोनवर दिली.

"मेव्हणीबाई, अभिनंदन करा. आमची शाई पिरॅमिडांच्याही आधीची निघाली."

"असं होऊ शकत नाही."

"ते मलाही कळतं गं. मी ग्रीक शिकवतो म्हणून वजाबाकी विसरलेलो नाही." मागून ताईचा आवाज आला, "ती काय म्हणतेय?" आणि भावोजी तिला म्हणाले, "ती म्हणतेय, असं होऊ शकत नाही. तिचं नेहमीचंच."

ते हसले. पण फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी हळूच विचारले, "एवढ्यावरून मला घरी बसवतील का गं?" मी म्हणाले, बसवू शकतात.

भावोजी विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागाचे प्रमुख होते. मी दुसऱ्या एका संस्थेत पृष्ठभागांचे रसायन पाहते: रंग, गंज, काजळी, धूळ, जे काही एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचे बसते ते सगळे. एकमेकांच्या विषयाबद्दल आमचे मत फारसे चांगले नव्हते, आणि जेवायला बसल्यावर आम्ही ते लपवतही नसू. त्या पानाविषयी तर मी त्यांना सुरुवातीलाच बोलले होते. विभागाने ते एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून घेतले होते. ते कुठे सापडले, कुणाकडे होते, याचा एकही धड पुरावा त्याने दिला नाही, आणि पुढे विचारायला तोही उरला नाही. मी म्हटले होते, माणसाच्या शब्दावर तुम्ही भाजीसुद्धा घेत नाही, मग हे कसे घेतलेत? त्यावर भावोजी म्हणाले होते, "भाजी दुसऱ्या दिवशी खराब होते. हे अठराशे वर्षांत झालेलं नाही."

पान तळहाताहून जरा मोठे आहे. पपायरसचे, म्हणजे एका पाणवनस्पतीच्या देठाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या दाबून केलेले. आले तेव्हा ते घट्ट घडी घातलेले होते आणि इतके ठिसूळ, की घडीला बोट लावले तर भुगा हाती आला असता. भावोजींनी ते दमट पेटीत ठेवून, कित्येक दिवस घेऊन, स्वतः उलगडले. मग वाचले आणि टिपणांसह छापले.

मजकूर एका पत्राचा आहे. कुठल्याशा बंदरातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा कारभारी, शिपाई दारात आले तेव्हा, मंडळीचे पवित्र ग्रंथ त्यांच्या हवाली करतो आणि शिपाई ते चौकात जाळतात. रोमी राज्याकडून होणारा ख्रिस्ती लोकांचा छळ ओसरल्यावर तो माणूस परत येतो. त्याला आत घ्यायचे की नाही यावरून मंडळीत दोन तट पडतात. पत्र लिहिणारा म्हणतो, घ्या. आणि त्यासाठी ख्रिस्ताचे एक वचन देतो, जे बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत नाही: जे जळू शकते ते मी तुमच्या हाती दिलेच नव्हते.

सगळे भांडण या एका ओळीचे होते. ओळ खरी असेल तर ख्रिस्ताच्या तोंडचे एक नवे वाक्य जगाला मिळाले होते. खोटी असेल, तर ती इतक्या चांगल्या जुन्या ग्रीकमध्ये कोण लिहू शकला असता, हा प्रश्न उरत होता. तसे लिहू शकणारी माणसे जगात फार नाहीत. त्यांतले एक माझे भावोजी होते.

चौकशी समिती नेमली गेली. आरोप झालेल्याला आपल्या बाजूने एक तांत्रिक जाणकार आणता येतो; भावोजींनी माझे नाव दिले. मी नाते लेखी कळवले. समितीच्या अध्यक्षांनी ते वाचून एवढेच विचारले, "तुम्ही त्यांच्या बाजूनं बोलणार का?" मी म्हणाले, मी मोजमापाच्या बाजूने बोलेन. "मग हरकत नाही," ते म्हणाले. "पण त्यांचा फायदा होईल असंही नाही."

अध्यक्ष म्हणजे चर्चच्या इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः दीक्षित धर्मगुरू. विद्यार्थी त्यांना करवत म्हणत. हे नाव त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांना आवडत असावे. ते म्हणत, मी कापतो, पण मोजून.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होते. मधोमध, दोन काचांच्या मध्ये दाबलेले, करड्या पेटीत ते पान. खिडक्यांचे पडदे ओढलेले, कारण शाईला ऊन चालत नाही. चौकशी शाईचीच असूनही तिची ही बडदास्त कुणी सोडली नव्हती.

करवतांनी आधी मजकूर घेतला.

"ग्रंथ जप्त करून जाळण्याचं फर्मान चौथ्या शतकाच्या आरंभीचं. तुमचं पान तिसऱ्या शतकाच्या पहिल्या अर्धातलं. म्हणजे तुमच्या कारभाऱ्यानं, हुकूम निघायच्या आधी पाऊणशे वर्षं, हुकूम पाळला."

"सर, हुकूम निघायच्या आधी कुठल्याच शिपायानं कुणाचं काही जाळलं नव्हतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?" भावोजी म्हणाले. "शिपायांचा आणि माझा फार परिचय नाही, पण त्यांना इतकी शिस्त असेल असं वाटत नाही."

"बरं. या वचनाचा उल्लेख एकाही जुन्या लेखकानं का केला नाही?"

"कारण ते वचन हरलेल्या बाजूचं होतं. अशांना आत घेऊ नका म्हणणारे जिथं जिंकले, तिथं हे पत्र कोण जपून ठेवणार? आणि सर, एक बघा. खोटं लिहिणाऱ्याला घाई असते. त्याला ती एक ओळ लिहायची असते. हा माणूस अर्धं पान दिव्याच्या तेलावर घालवतो. तेल कमी पडलं, गाढव आजारी आहे, निरोप पोचला का. इतकं कंटाळवाणं कोण रचतं?"

करवत पुढे झुकले. "तुमची आवड ज्याला माहीत आहे तो. तीस वर्षं तुम्ही लिहीत आलात, की कंटाळवाणं ते खरं. मी तुम्हाला फसवायला बसलो, तर गाढवच काय, अख्खा तबेला आजारी पाडीन."

सगळे हसले. भावोजीही हसले.

मग शाई आली. पाच हजार वर्षे हे वय खरे आहे असे कुणीच म्हणत नव्हते. कार्बनचे वय काढण्याची रीत अशी: जिवंत वस्तूत किरणोत्सारी कार्बन असतो, ती मेल्यावर तो ठरावीक गतीने घटत जातो, आणि किती उरला यावरून किती काळ गेला ते कळते. खनिज तेल इतके जुने असते, की त्यात तो मुळीच उरलेला नसतो. ताज्या डिंकात खनिज तेलाची काजळी खलून शाई केली, तर नव्याची आणि अतिप्राचीनाची सरासरी निघते. ती सरासरी पाच हजार येऊ शकते. समितीच्या रसायनतज्ज्ञाने हे मांडले आणि ते बरोबर होते. अठराशे वर्षांपूर्वी शाईसाठी वनस्पतीच्या तेलाची किंवा लाकडाची काजळी धरत. खनिज तेलाची काजळी म्हणजे आधुनिक दिवा किंवा आधुनिक इंजिन. जुने कोरे पपायरस बाजारात मिळते. त्यावर नव्या शाईने लिहिले की काम झाले.

करवतांनी मला विचारले, "यात चूक आहे?"

"गणितात नाही."

"मग कशात?"

"मला अजून सापडलेली नाही."

ताई नंतर मला म्हणाली, तेवढं एक वाक्य तू गिळलं असतंस तर काय बिघडलं असतं?

निर्णय एकमताने झाला: पपायरस प्राचीन, शाई आधुनिक, मजकूर बनावट. बनावट भावोजींनी केली की त्यांच्याबाबत झाली हे समितीने ठरवले नाही. दोन्ही बाबतींत ते पदावर राहण्यास अपात्र होते. फौजदारी करायची की नाही हे विद्यापीठ पुढे बघणार होते. शेवटी काही बोलायचे आहे का, असे विचारल्यावर भावोजी उभे राहिले.

"मी फसवलं म्हणा, नाहीतर मी फसलो म्हणा. पण पान खोटं म्हणू नका. त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही."

त्यांनी विभागाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पेटीतल्या पानाकडे न पाहता ते बाहेर पडले.

पुढचे काही महिने ते घरी होते. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसत. जुने सहकारी येत नव्हते. एक विद्यार्थिनी आली आणि प्रबंधातल्या आभारांतून त्यांचे नाव काढावे लागतेय, असे सांगून रडली. भावोजींनीच तिला पाणी दिले. ताई पाहुण्यांसमोर खणखणीत बोलायची आणि स्वयंपाकघरात गेली की नळ सोडून उभी राहायची.

एकदा मी गेले असताना ते म्हणाले, "खरं सांग. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं याला किंमत नाही."

"तुझी ताई म्हणतेच, हिच्याकडून सहानुभूती हवी तर आधी नमुना द्यावा लागतो." मग ते गंभीर झाले. "आता मलाच रोज वाटतं, की खोटं असेल. डोळे मिटले की ते अक्षर दिसतं आणि मला त्यात व्यापाऱ्याचा हात दिसतो. मी त्याला ओळखतो गं, त्या अक्षराला. ओळखत होतो."

त्यांना बोलते ठेवायचे म्हणून मी चाचणीची रीत सविस्तर सांगू लागले. पपायरसचा कपटा आधी आम्लात, मग अल्कलीत, मग पुन्हा आम्लात धुतात, म्हणजे हाताळणाऱ्यांची, हवेतली घाण निघून जाते आणि राहते ते मूळ पपायरस. शाईचे कण मात्र तसेच मोजतात, कारण ती डिंकाची. धुतली तर शाईच वाहून जाते.

"म्हणजे," भावोजी म्हणाले, "एकाला आंघोळ घालून आणलं आणि दुसऱ्याला तसाच, पारोसा. आणि मग म्हणाले, बघा, दुसऱ्याला वास येतोय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

कुठल्याही चाचणीत एक कोरा नमुना लागतो: ज्यात शोधायची वस्तू नाही, पण बाकी सगळे तेच आहे. पानाच्या कोऱ्या समासावरची पृष्ठभागाची खरवड, न धुता, शाईच्या शेजारी मोजायला हवी होती. ती कुणी मोजली नव्हती. समितीच्या तज्ज्ञाला ते सुचले नाही, कारण धुतलेला समास त्याच्याकडे होता आणि तोच त्याला कोरा नमुना वाटला. मलाही भर सुनावणीत सुचले नाही. खनिज काजळी शाईच्या आत आहे की शाईच्या वर, हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

अपिलाचा अर्ज मी तिथेच बसून लिहिला. भावोजींनी चष्मा लावून तो वाचला, एका वाक्याची रचना सुधारली, सही केली. "खोटं ठरलं तरी चालेल," ते म्हणाले. "पण नीट ठरू दे."

अर्ज दाखल झाला. त्याची तारीख लागण्याआधीच भावोजी गेले. सकाळी दाढी करताना न्हाणीघरात कोसळले. ताईला आरशासमोर नुसता वाहता नळ ऐकू आला. डॉक्टरांनी हृदय सांगितले. त्यांच्या हृदयाला त्रास आधीपासून होता, म्हणून त्याचे कारण चौकशी, असे मी म्हणणार नाही. ताई म्हणते. अंत्यसंस्काराला विभागातली दोनच माणसे होती. करवत आले, मागे उभे राहिले, आणि जाताना माझ्यापाशी थांबले.

"अर्जदार गेला म्हणून अपील जात नाही. मी नियम पाहिला. चाचणी करा."

"तुम्ही विरोध कराल असं वाटलं होतं."

"बाई, मी कापलं ते तुम्हा रसायनवाल्यांनी दिलेल्या मापानं. माप चुकलं असेल तर मला ते कळलं पाहिजे."

चाचणी माझ्या प्रयोगशाळेत झाली. समितीचा तज्ज्ञ शेजारी बसून होता, आणि वय काढायला नमुने दुसरीकडे पाठवले. कोऱ्या समासाची न धुतलेली खरवड जेमतेम दिसेल एवढी. तिचेही वय अठराशेच्या बरेच मागे गेले. जिथे एक अक्षर नव्हते तिथेही खनिज कार्बन होता. मग सूक्ष्मदर्शकाखाली शाईचा छेद घेतला. वरच्या पातळ थरात बारीक गोल काजळी, आणि तिच्यात जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम. हे तीन एकत्र येतात ते इंजिनाच्या वंगणातून. खाली, डिंकाच्या आत, दुसरी काजळी: जाड, विस्कळीत, धातूंविना. दोघींच्या मध्ये सीमा होती. इंजिनाच्या काजळीने ते पान कुणी लिहिले नव्हते. लिहून झालेल्या पानावर ती येऊन बसली होती.

तज्ज्ञाने बराच वेळ डोळा भिंगाला लावून ठेवला. "मी हे मागायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

आता उरला प्रश्न, इंजिन कुठले. मी विद्यापीठात गेले. भावोजींची खोली तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या जागी अजून कुणी नेमले नव्हते. टेबल पुसलेले, खुर्ची उलटी करून त्यावर. खिडकी बंद, कडांना चिकटवलेली पट्टी मात्र सुटलेली. त्या खोलीची खिडकी कधीही उघडायची नाही, हा विभागाचा नियम, आणि तो भावोजींनी स्वतः घातला होता. मी काचेतून खाली पाहिले. आतल्या चौकात विद्यापीठाचे डिझेल जनित्र बसवले आहे. त्याचे धुराडे भिंतीलगत वर येते आणि दुसऱ्या मजल्याच्या वर, त्या खिडकीखाली, संपते. पान उलगडले गेले त्या उन्हाळ्यात विजेचे उपकेंद्र जळाले होते आणि जनित्र दिवसभर चालत असे. हे सगळ्यांच्याच लक्षात होते. मी खिडकीच्या चौकटीची आतली बाजू आणि कपाटाचा माथा कापसाने पुसून नमुने घेतले. जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम.

निष्कर्ष करवतांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला.

"काजळी आत आली, म्हणजे खिडकी उघडी होती."

"होय."

"पान दमट असताना."

"होय. दमट असताना डिंक चिकट होतो. म्हणून समासापेक्षा अक्षरांवर जास्त बसली."

"का उघडी होती?"

मी म्हणाले, ते मला माहीत नाही आणि अर्जात ते विचारलेले नाही.

"मी विचारतोय." ते चष्मा काढून डोळे चोळत होते. "हा नियम घालणारा माणूस, आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं पान ओलं असताना, धुराड्यावरची खिडकी उघडतो. खिडकीचं कारण लिहिलं नाहीत तर उद्या कोणीतरी म्हणणार, मुद्दाम उघडली. शाईची चाचणी कधीच लागू पडू नये म्हणून. मग बनावटीचा ठपका पुसून आपण त्याहून वाईट ठपका ठेवलेला असेल. मीच म्हणेन तसं, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत."

ते बरोबर बोलत होते. मी ताईकडे गेले.

ताई भावोजींचे कपडे आवरत बसली होती. सदरे घडी घालून एका ढिगात, स्वेटर दुसऱ्या. मला पाहताच म्हणाली, "झालं? खरं निघालं ना पान?"

"शाई बनावट आहे हा निष्कर्ष ते मागे घेतील."

"म्हणजे खरं."

"म्हणजे माहीत नाही. खालची मूळ शाई इतकी थोडी आणि इतकी मिसळलेली आहे, की वेगळी काढून तिचं वय काढता येणार नाही. आता कधीच येणार नाही."

"तुला कधी नुसतं हो म्हणता येतं का गं? एकदा तरी?"

मी खाली, तिच्याजवळ बसले. विचारायची वाक्ये मी वाटेत ठरवली होती. त्यांतले एकही वापरले नाही. "ताई, पान उलगडत होते तेव्हा, खोलीची खिडकी उघडी ठेवायचे का?"

"हो. ठेवायचेच." तिने एक सदरा झटकला. "त्या पेटीत ते काय घालायचे, बुरशी येऊ नये म्हणून—"

"थायमॉल."

"तेच. ओव्याच्या अर्कासारखा उग्र. ह्यांच्या कपड्यांना, केसांना, सगळ्याला तोच वास. माझी अर्धशिशी उठायची. तीन-तीन दिवस अंधारात पडून असायचे मी. एकदा भांडलेच. म्हटलं, एक तर ते पान तरी सोडा, नाहीतर वास तिकडेच सोडून या. त्यावर म्हणाले, बरं बाई, पेटी उघडली की खिडकी उघडतो, वारा खातो, मग घरी येतो." ती किंचित हसली. "शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून वास नाही. तेवढ्या बाबतीत ऐकायचे माझं."

ताईने सदऱ्याची एक बाही आत दुमडली, मग दुसरी, आणि तिथेच थांबली.

"का विचारलंस?"

मी सांगितले. धुराडे, काजळी, दमट डिंक. करवत कारण मागताहेत आणि ते लिहिले नाही तर काय होईल, तेही सांगितले. याहून हळुवार सांगण्याची एखादी रीत असेल. मला येत नाही. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने तो सदरा उचलून नाकाशी नेला आणि पुन्हा ठेवला.

"म्हणजे मी."

"म्हणजे खिडकी," मी म्हणाले.

"मला लहान मूल समजू नकोस." तिचा आवाज चढला नाही. "ते लिहिलं नाही, तर लोक म्हणणार ह्यांनी मुद्दाम केलं."

"हो."

"आणि लिहिलं तर?"

"तर म्हणणार नाहीत."

ती ढिगातल्या सदऱ्यांच्या कडा एका रेषेत आणत बसली. त्या आधीच एका रेषेत होत्या.

"लिही," ती म्हणाली. "नाव घालून लिही. पत्नी एवढंच नको. माझं नाव घाल."

मी तसे लिहिले. समितीने बनावटीचा ठपका मागे घेतला आणि पानापुढे 'अनिर्णित' अशी नोंद केली. काचांमधले ते पान आता मागच्या कोठीत आहे. पाच हजार वर्षांचे कारण असे: पान दमट पेटीत उलगडले जात असताना पेटीत बुरशीनाशक थायमॉल होते. त्याच्या वासाने ताईचे डोके दुखे, म्हणून भावोजी पेटी उघडताना खिडकी उघडत. खिडकीखाली डिझेल जनित्राचे धुराडे होते. त्याची काजळी ओल्या डिंकावर बसली, वाळली, आणि शाईचा भाग झाली.